माझा अनुभव: इकालुईतमध्ये घराला सोलर आणि ते चौदा फुटी रेल

सोलर लावायचं म्हटल्यावर साताऱ्याहून आईचा पहिला प्रश्न, "अरे, बर्फात कसलं सोलर? त्यापेक्षा इथे आपल्या गच्चीवर लाव की." तिला काय सांगणार. इकालुईत म्हणजे उत्तर कॅनडातल्या नुनावूत प्रदेशाची राजधानी. या नुनावूतमध्ये २५ गावं, प्रत्येकाचं वेगळं डिझेल पॉवरहाउस, एका गावातून दुसऱ्या गावात ना रस्ता ना विजेच्या तारा. वर्षभराचं डिझेल उन्हाळ्यात टँकर जहाजाने येतं. एक लिटर जाळलं की साधारण साडेतीन-चार युनिट वीज, त्यामुळे घरावर तयार झालेलं प्रत्येक युनिट म्हणजे तेवढं डिझेल वाचलं.

नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज कंपनीला द्यायची आणि तेवढी युनिटं क्रेडिट म्हणून नावावर जमा होतात) फॉर्म, परमिट, इन्स्पेक्शन सगळं झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मर्यादा १० किलोवॅट, मी ५च्या आत राहिलो. १२ पॅनल.

खरी कटकट सामान आणण्याची. इथे जड सामान सीलिफ्टने, म्हणजे उन्हाळ्यातल्या मालवाहू जहाजाने येतं, आणि समुद्र गोठला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. मी ऑर्डर द्यायला उशीर केला (ही चूक माझी, कबूल) आणि सीझनच्या शेवटच्या फेरीचं बुकिंग मिळालं. दुकानाने सगळं मॉन्ट्रियलजवळच्या बंदरात एका पॅकिंगवाल्याकडे पोचवलं, तो क्रेटमध्ये भरणार, जहाजावर चढवणार, मी निवांत. जहाज आलं, क्रेट उघडला, पॅनल आहेत, इन्व्हर्टर आहे, वायर आहे, आणि पॅनल ज्यावर बसवायचे ते अ‍ॅल्युमिनियमचे रेलच नाहीत! फोन केला तर म्हणे रेल १४ फुटी आहेत, आमच्या क्रेटमध्ये मावत नव्हते, लांब मालाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आम्ही ईमेल केला होता. कोणाला? दुकानाला. दुकानाने तो अकरा दिवस उघडलाच नाही आणि तोवर जहाज निघून गेलं. माझा फोन नंबर क्रेटवर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता हो, एक फोन करायला काय झालं होतं! पुढची बोट कधी विचारलं तर "जुलै" असं इतक्या शांतपणे सांगितलं की जणू पुढची लोकल दहा मिनिटांत आहे.

त्याच आठवड्यात डिझेलचा टँकर मात्र अगदी वेळेवर आला. खिडकीतून दिसत होता.

मग तो क्रेट सगळा हिवाळा घराला टेकून बर्फात. डिसेंबरमध्ये काही वाटत नव्हतं, तेव्हा दिवसच जेमतेम साडेचार तासांचा. पण फेब्रुवारीत सूर्य परतायला लागला आणि माझी झोप उडाली, कारण इथला सोलरचा खरा सीझन मार्च ते जून, कडक थंडी, निरभ्र आभाळ आणि बर्फावरून परावर्तित होणारा उजेड फुकटात. शेवटी हरलो. ७ फुटी रेल नव्याने विकत घेऊन विमानाने मागवले, भाडं रेलच्या किमतीपेक्षा जास्त पडलं, बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही.

एप्रिलच्या शेवटी पॅनल लागले. छतावर नाही, दक्षिणेच्या भिंतीवर, जवळजवळ उभे. इथे सूर्य खाली खालीच फिरतो आणि उभ्या पॅनलवर बर्फ साचत नाही, म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी पुण्याच्या गच्चीसारखे आडवे लावू नका. अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं, थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं, उणे ४०ला ठोकळमानाने २० टक्के जास्त धरा, आणि एका स्ट्रिंगमध्ये (म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेत) किती पॅनल हे त्यावर ठरवा, नाहीतर इन्व्हर्टर गेला समजा, आणि नवा कशाने येणार? जुलैच्या बोटीने.

मे महिन्यात ६२० युनिट निघाली. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे लिटर डिझेल. रोज रात्री मीटर बघायला जाकीट घालून बाहेर जायचो, मुलं हसायची. क्रेडिटचं मात्र लक्षात ठेवा, उन्हाळ्यात जमलेली युनिटं हिवाळ्यात वापरता येतात पण ३१ मार्चला शिल्लक शून्य होते. मार्च एंडिंग इथेही सुटलं नाही!

आणि ऑर्डर देताना दुकानाला विचारा, सगळ्यात लांब वस्तू किती फुटी. एवढा एकच प्रश्न.

जुलैमध्ये पहिल्या बोटीने ते जुने १४ फुटी रेल आलेच, सोबत दहा महिन्यांच्या स्टोरेजचं बिल. बिलावरून अजून भांडण चालू आहे. रेल शेजारच्या आजोबांना दिले, त्यांनी त्याची मांडणी केलीय आणि तिच्यावर सध्या चार वाळतोय (आकडा नाही, आर्क्टिक चार नावाचा मासा). आम्हालाही अर्धा दिला.