दीड फुटाचा हिशेब

आमच्या विहिरीचा व्यास सहा मीटर. तिच्यात एक फूट पाणी उतरलं म्हणजे 8,600 लिटर गेलं. टाकी 50 हजारांची, आतून दहा फूट, म्हणजे तिच्या एका फुटात पाच हजार. झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे मी सांगेन. ग्रामपंचायतीच्या कागदावर मी जलसुरक्षक आहे आणि गावात नळवाला. पगार घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर अडतो, त्यामुळे दुष्काळात लोकांचे हाल तेच माझेही.

2019 चा मे. अमरावतीच्या वरूड तालुक्यातलं चौदाशे वस्तीचं गाव. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे संत्र्याच्या उभ्या बागा वाळल्या. बोअर आठशे-नऊशे फुटांवर गेले तरी नुसती धूळ. गावाच्या विहिरीत मात्र थोडी आवक होती, म्हणून टँकर मिळेना. ग्रामसभेने ठराव केला: गावाचे तीन भाग, प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं पाणी, तोटी नसेल तर नळ बंद, नळातून पाणी ओढणारा टिल्लू पंप दिसला की जप्त. ठराव करणारे घरी गेले, अंमलबजावणी माझ्या गळ्यात. घरोघर टिल्लू पंप शोधायचे म्हणजे रोज एक भांडण. शेवटी वायरमनला गाठलं आणि पाणी सोडायच्या वेळी गावठाणाची लाइटच बंद ठेवली. शिव्या पडल्या, पण पंप मुके झाले.

तरी शेवटच्या गल्लीत धार करंगळीएवढीच. लोक म्हणायला लागले, नळवालाच कुठंतरी पाणी विकतो.

ते मला लागलं. मग दोरी घेतली, फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दिवसभर झरे देतील तेवढं साचू द्यायचं आणि रात्री दोनला पंप सुरू करायचा, असा आमचा क्रम. पंपाआधी दोरी टाकली, पंप बंद केल्यावर पुन्हा टाकली. विहीर पाच फूट उतरली, म्हणजे 43 हजार लिटर. टाकी साडेआठ फूट भरायला हवी होती. भरली सात. दुसऱ्या रात्री सात. तिसऱ्या रात्रीही सातच. टाकीखालचा वॉल्व्ह पक्का बंद होता, थेंब बाहेर जात नव्हता. दीड फूट म्हणजे साडेसात हजार लिटर. टँकरचं सरकारी माप माणशी 20 लिटर; त्या हिशेबाने 375 माणसांचं पाणी रोज रात्री वाटेत गडप होत होतं.

तालुक्याहून एक साहेब आले होते, त्यांना वही दाखवली. जीपच्या सावलीतून न हलता म्हणाले, बाष्पीभवन असेल. झाकणाच्या टाकीतून, रात्री दोन वाजता!

विहीर ते टाकी मेन लाइन अकराशे मीटर. चौथ्या रात्री पंप सुरू केला आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन लाइनीवरून निघालो. दर वीस पावलांवर सब्बल जमिनीत रोवायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. लाइन लोखंडी, म्हणून आवाज वर येतो. पीव्हीसी असती तर बहिरीच. पाणी सरळ जात असलं की घुमल्यासारखं ऐकू येतं, आणि कुठून निसटत असलं की फोडणीसारखं चरचरतं. हे मला कुण्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, आधीच्या नळवाल्याने शिकवलं. साडेसहाशे मीटरवर, एका धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, चरचर सुरू झाली.

अडीच फूट खणलं. लाइनीला सॅडल, म्हणजे जोड घ्यायची पट्टी, त्यातून अर्धा इंची नळी धुऱ्याखालून वावरात. खरं सांगतो, तो जोड पाहून मी दोन मिनिटं नुसता बसलो. पॅकिंग नीट, बोल्ट सारखे आवळलेले, बाहेर थेंब नाही. सरकारी ठेकेदाराने असं काम केलं असतं तर माझं अर्धं आयुष्य खड्ड्यात गेलं नसतं.

अर्धा एकर वावर, साठ झाडं. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला शे-दीडशे लिटर लागतं. साठ झाडं आणि साडेसात हजार लिटर, हिशेब तिथल्या तिथे जुळला. मी बटण दाबलं की वावरवाल्याच्या झाडांना पाणी सुरू. म्हणजे इतके दिवस त्याचं ओलित मीच करत होतो.

वावराचे मालक, एक काका, खाटेवरून उठून आले. नळयोजना आली तेव्हा काका चर खणायला मजूर होते, लाइन किती खोल आहे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी नाकारलं नाही.

"बोअर आटला गा. फळ लिंबाएवढं झालं. पंधरा दिवस राहू दे, मंग तूच काढून टाक."

"काका, शेवटच्या गल्लीत पाणी नाही."

"मालूम हाय मले."

मी पाना काढला. ते बॅटरी धरून उभे राहिले. सॅडल काढली, भोकावर रबर ठेवून पट्टी आवळली. वीस मिनिटांचं काम. त्या वीस मिनिटांत दोघांपैकी कुणी बोललं नाही.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे 1993 पासून कायद्यात आहे. आमच्या विहिरीच्या खालच्या अंगाला, धुऱ्याधुऱ्याने गेलं तर जेमतेम 300 मीटरवर, एका मोठ्या बागाईतदाराने त्या मेच्या दोन वर्षं आधी बोअर मारला. तेव्हापासून आमचे झरे मंदावले. तक्रार केली, पंचनामा झाला. टेप लावली ती गाडीरस्त्याने, वळसा घालून. अंतर भरलं 520 मीटर. प्रकरण बंद. तो बोअर त्या मे महिन्यातही चालू होता. तो बंद करायला पाना लागत नाही, तहसीलदाराची सही लागते.

पाणी समितीच्या बैठकीत नेमका तोच बागाईतदार उठला. "चोराचं नाव लिहा, केस करा, एकाला सोडलं तर सारेच करतील." बोलणं चुकीचं होतं असं आजही म्हणता येत नाही. ग्रामसेवक माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना नेहमीच दुसऱ्याने काहीतरी ठरवलेलं हवं असतं. मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: मेन लाइन, 650 मीटर, गळती, दुरुस्त केली.

त्या रात्री टाकी साडेआठ फूट भरली. काकांची झाडं मृगाआधीच वाळून कोळ झाली. जूनमध्ये त्यांनी ती तोडून सरपणाला विकली. आणि विहीर? दहा दिवसांत तीही आटली, शेवटी टँकर आलाच. पुढे जलजीवन मिशन आलं, माणशी 55 लिटरचा आकडा आला, नवी टाकी झाली. बोअर अजून तिथेच आहे.

गळती काढल्यावर शेवटच्या गल्लीत पहिल्यांदा पुरी धार आली, तेव्हा तिथल्या एका काकूने पाण्याचा गुंड भरता भरता विचारलं, "कोन होता रे?"

"गळती होती, काकू."

"हो का," ती म्हणाली. "म्या त्याच्याच बागेत निंदाले जातो ना, बाप्पा. झाडं हिरवीगार दिसत होती."

पुढे काही बोलली नाही. गुंड डोक्यावर घेतला आणि गेली.