आजीची फणेरपेटी आणि माझा सॅनिटायझर

परवा नागपूरच्या महाल भागात एका ओळखीच्यांच्या वाड्यावर गेले होते. वाडा पाडून फ्लॅट स्कीम होणार म्हणून सगळं सामान अंगणात काढलेलं, सागवानी कपाटं, झोपाळा, शिसवी खुर्च्या, आणि बघायला आलेले सगळे त्याच्याच भोवती. मला मात्र दिसला कोपऱ्यातला एक चौरंग. लाल रंग, कडेने पिवळी वेल, मधे कमळ, आणि कमळाच्या बरोब्बर मधोमध रंग उडून लाकूड दिसतंय, गोल, कलशाच्या बुडाएवढं. किती वर्षं त्याच जागी कलश बसला असेल काय माहीत. मी तिथेच मांडी घालून बसले. नवरा म्हणाला, "झालं बाप्पा, आता ही काही उठत नाही."

मोठ्या कपाटाचं काय असतं, ते भिंतीला टेकून उभं राहतं आणि आपण त्याच्या समोरून ये-जा करतो. चौरंग, पाट, छोटी पेटी यांच्याजवळ खालीच बसावं लागतं. मग वेलीचं एक पान दुसऱ्यापेक्षा जाड झालंय हे दिसतं, चिताऱ्याचा ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही दिसतं. कपाटावर एवढी चित्रं काढली असती ना तर डोळे दुखले असते, खरं सांगते.

आमच्याकडे आजीची फणेरपेटी आहे, म्हणजे कुंकू-फणीची लाकडी पेटी. आजी सावंतवाडीची, लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा सोबत आणलेली. झाकण उघडलं की आतला आरसा तिरका उभा राहतो, खाली कप्पे, एकात कुंकू, एकात मेण, आणि पुढे एक खण. आरशाचा पारा कडेने उडालाय त्यामुळे चेहरा जरा ढगातून बघितल्यासारखा दिसतो (वयानुसार हे बरंच आहे). सावंतवाडीचे चितारी पाट-चौरंग रंगवायचे तसेच गंजिफाही, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, करायचे, दशावतारी गंजिफेत 120 पत्ते असतात आणि सगळे हाताने काढलेले. मधल्या काळात हे काम जवळपास बंदच पडलं होतं, मग 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्याने राजवाड्यातच कारागीर बसवून परत सुरू केलं.

चित्रावरचा जो चकचकीत थर असतो ना, त्यात खरी गंमत आहे. आपली लाख म्हणजे किड्याची राळ, पळस-कुसुमच्या फांद्यांवर मिळते, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही काढतात. जपानी लॅकर म्हणजे वेगळंच प्रकरण, तो झाडाचा चीक आणि तो दमट हवेतच कडक होतो. सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना त्या काळ्या-सोनेरी जपानी पेट्यांचं वेड लागलं, पण चीक तिकडे मिळेना, मग त्यांनी नक्कल केली ती आपल्या लाखेवर. या नकलेला ते 'जपानिंग' म्हणत, 1688 साली इंग्लंडमध्ये त्यावर अख्खं पुस्तक निघालं. म्हणजे नाव जपानचं आणि लाख हिंदुस्थानची!

आता माझा पराक्रम. 2020 मध्ये मी घरातलं दिसेल ते सॅनिटायझरने पुसत होते, किराणा, कड्या, रिमोट, आणि एक दिवस फणेरपेटी. दोन मिनिटांत झाकण चिकट झालं, कपड्याला पिवळसर लागलं, आणि झाकणावरच्या मोराची मान धुरकट झाली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) त्यातच तर भिजत घालतात, आणि सॅनिटायझरमध्ये अर्ध्याहून जास्त अल्कोहोल. मला हे नंतर कळलं. आईने एक शब्द बोलला नाही, नुसती पेटी उचलून आत नेली, त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

लॉकडाऊन उठल्यावर मिस्त्रीकाकांना दाखवली. मला वाटलं घासून नवीन पॉलिश मारून देतील. त्यांनी पेटी उजेडात तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, घासलं तर मोरच निघून जाईन. काहून घासता?" मग मलमलची छोटीशी पुरचुंडी करून फक्त त्या जागेवर पातळ चपड्याचे तीन-चार हात दिले, तेही मधे मधे चहा पीत आणि वाळू देत. मान अजून धुरकटच आहे, पण चिकट नाही. पैसे घेतले दोनशे आणि वर दम दिला, गरम कप ठेवायचा नाही, पांढरं वर्तुळ उमटते.

कोकणातल्या पेटीला नागपूरची हवा तशीही सोसत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की लाकूड आकसतं, झाकणाच्या जोडात नखभर फट पडते, आणि कूलरसमोर ठेवली की दुसरीच पंचाईत. म्हणून ती उन्हाळाभर देवघराच्या खालच्या फळीवर असते.

चौरंग मिळाला, फुकट मिळाला खरं तर, घेता का म्हणून त्यांनीच विचारलं. कमळाच्या मधे मी काही रंग-बिंग भरणार नाहीये. पेटीचं म्हणाल तर पावसाळ्यात तिचा खण फुगून बसतो तो थेट दसऱ्याच्या आसपास मोकळा होतो, आणि यंदा त्यात लॉकरची किल्ली राहिलीये. आई म्हणते थांब, ओढू नको.