तीन नऱ्हे

मार्चअखेरची धावपळ सुरू होती. एका पतसंस्थेच्या कार्यालयातून ताईंचा फोन आला. "सर, गावांच्या यादीत नऱ्हे तीनदा दिसतंय. आणि कुठलंही निवडलं तरी माझे सगळे सभासद येत नाहीत."

त्यांच्या सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर आमचं होतं आणि त्यातला शोध मी लिहिला होता. उघडून पाहिलं तर खरंच तीन नऱ्हे, एकाखाली एक, हुबेहूब सारखी. चऱ्होली दोनदा, गोऱ्हे दोनदा. आळंदी, खडकवासला, धायरी मात्र व्यवस्थित. आधी मागेपुढे स्पेस राहिली असेल म्हणून ट्रिम लावलं, काही फरक पडला नाही. मग लक्षात आलं, दुप्पट झालेल्या प्रत्येक नावात ऱ्ह आहे.

माझ्या होम फोल्डरमध्ये पायथनच्या चार ओळींची एक फाइल कायम असते. शब्द द्यायचा, ती त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक (संगणकात त्या चिन्हाला ठरवून दिलेला क्रमांक) आणि नाव छापते. ऑर्ड, हेक्स आणि युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नेम ही पायथनची तयार फंक्शनं, एवढंच तिच्यात आहे. (नेमला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर टॅब किंवा नवी ओळ आली की व्हॅल्यूएरर येऊन ती थांबते.) तिन्ही नऱ्हे तिच्यातून काढली. पहिल्याची लांबी ५ चिन्हं, उरलेल्या दोघांची ६. पहिल्यात ऱ हे एकच अक्षर होतं, क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे सुटा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. तिसऱ्यात र, हलन्त आणि नंतर डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. काही नोंदी ताईंनी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलेल्या, काही जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने आणलेल्या, काही मोबाइलवरून आलेल्या. पडद्यावर तिघांचं रूप एकच, पण पोस्टग्रेस, म्हणजे नोंदी ठेवणारा आमचा डेटाबेस, नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन मजकूर सारखे आहेत का हे बाइट्सवरून, म्हणजे आत साठवलेल्या आकड्यांवरून ठरवतो. त्याच्या लेखी ही तीन वेगळी गावं होती.

पहिला उपाय सोपा होता. पोस्टग्रेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे, ते वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं एकच अक्षर एका ठरलेल्या रूपात आणतं. त्यातलं एनएफसी, म्हणजे जोडलेलं रूप मागितलं की र आणि नुक्ता मिळून ०९३१ होतो. डेटाच्या प्रतीवर ते चालवलं. तीनची दोन नऱ्हे झाली. जॉइनरला एनएफसी हात लावत नाही.

इथे मी घाई केली. तो दिसतच नाही, तर काढून टाकू, असं म्हणून सगळे जॉइनर उडवले आणि यादी ताईंना तपासायला पाठवली. दहा मिनिटांत त्यांचा फोन. "सर, आचाऱ्यांच्या गटाचं नाव आचार्यांचा गट झालंय. आणि नर्हे असं गाव आमच्याकडे नाही."

मला घाम फुटला. जॉइनर गेला की र डोक्यावर चढून रफार होतो. दऱ्या आणि दर्या हे दोन शब्द त्या एका अदृश्य चिन्हाने वेगळे राहिलेले असू शकतात, हे मराठी माणूस म्हणून मला आधीच सुचायला हवं होतं. मूळ डेटाला हात लावला नव्हता, म्हणून निभावलं.

नवी प्रत घेतली. आधी एनएफसी, मग र, हलन्त आणि जॉइनर हा नेमका क्रम दिसेल तिथेच ऱ आणि हलन्त. बाकीचे जॉइनर जागच्या जागी, कारण अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवायला ते लागतात. हेच फंक्शन नोंद साठवताना आणि शोधाचा शब्द आला की, दोन्हीकडे लावलं. एकाच बाजूला लावून शोध जुळत नाही. मग बदल मागे घेता यावा म्हणून बिगिन टाकून मूळ डेटावर अपडेट चालवला, सभासदांना एका गावाखाली आणलं, आधीची आणि नंतरची एकूण संख्या ताडून पाहिली आणि रोलबॅक करून सगळं पूर्ववत केलं. आकडे जुळल्यावर दुसऱ्या फेरीत कमिट, म्हणजे बदल कायम.

संध्याकाळी ताईंनी नऱ्हे निवडलं, सगळे सभासद आले. चाचण्यांच्या फाइलमध्ये मी तेव्हाच दर्या-दऱ्या आणि आचार्यांना-आचाऱ्यांना या जोड्या टाकल्या. ताईंना विचारलं, अजून काही घालू का? त्या म्हणाल्या, "वऱ्हाड घाला. आमच्याकडे लग्नासाठी कर्ज घेणारे पुष्कळ आहेत."

वऱ्हाडही त्या फाइलमध्ये आहे.