ब्लॉकसाठी सतरा दिवस

आण्णांचे उजवे मूत्रपिंड मिरजेत शस्त्रक्रियेने काढले आणि आठवड्याभरात पॅथॉलॉजीचा अहवाल आला: क्लिअर सेल कार्सिनोमा (मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा एक प्रकार), ग्रेड ३ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची पायरी), गाठ मूत्रपिंडाच्या शिरेत शिरलेली. कर्करोगतज्ज्ञांनी गाठीवर पीडी-एल१ हे प्रथिन किती आहे ते पुण्याला तपासून घ्यायला सांगितले. त्यासाठी मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, लागणार होता.

तो मिळवण्यात सतरा दिवस गेले. पहिल्या दिवशी "अहवाल दिलाय ना, मग ब्लॉक कशाला?" असे विचारून तिथल्या पॅथॉलॉजीच्या खिडकीवरून परत पाठवले, अर्ज लिहून नेला तर त्यावर रुग्णाची सही हवी म्हणाले, आणि टाके ओले असलेल्या आण्णांची सही घेऊन मी सांगलीहून पुन्हा गेलो, तेव्हा कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते. पाचव्या फेरीला पाकिटात रंगवलेल्या काचपट्ट्या ठेवून मला वाटेला लावले. पुण्याच्या प्रयोगशाळेने त्या नाकारल्या, कारण या तपासणीला ब्लॉकमधून नव्याने कापलेले, न रंगवलेले काप लागतात. हे त्या खिडकीवर कोणालाच ठाऊक नसेल, असे मला आजही वाटत नाही. अखेर तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना थेट भेटलो आणि दहा मिनिटांत ब्लॉक हातात पडला. म्हणून पहिल्याच दिवशी सहीचा अर्ज आणि तज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन पॅथॉलॉजिस्टनाच भेटावे, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि ब्लॉकवरचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जागेवरच जुळवून पाहावा.

पीडी-एल१मुळे गाठ शरीराच्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, थोपवून धरते. वरच्या ग्रेडच्या गाठींत ते अधिक वेळा आढळते, तरी आण्णांच्या गाठीत १ टक्क्याहूनही कमी निघाले. मी हबकलो. तज्ज्ञांनी समजावले की मूत्रपिंडाच्या कर्करोगात हे प्रथिन नसलेल्या रुग्णांनाही इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) उपयोग होतो, त्यामुळे औषधाचा निर्णय या आकड्यावर न घेता ग्रेड आणि गाठीचा पसारा पाहून घेतात. तपासणीआधीच "निकालाने उपचार बदलणार आहे का?" असे विचारायला हवे होते. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या वैद्यकीय चाचणीत रुग्णांना १२ आठवड्यांच्या आत सामील करून घेतले होते. आमचे त्यातले सतरा दिवस एका खिडकीने खाल्ले.

उन्हाळ्यात ब्लॉक नेताना तो बंद गाडीत ठेवू नये, मेण मऊ पडते. आण्णांना औषधाची पहिली सलाईन शस्त्रक्रियेनंतर दहाव्या आठवड्यात लागली.