टेंडर ऑनलाइन, सही मात्र साहेबांचीच

स्टीलची कपाटं बनवण्याचा आमचा छोटा कारखाना आहे. वडील सरकारी टेंडरच्या वाटेला एकदाच गेले होते. लाखोटा टाकायला पोचले, तर पेटीशी उभ्या चौघांनी ‘यंदा नंबर आमचा’ म्हणून परत पाठवलं. त्यामुळे मी जेमवर, म्हणजे केंद्राच्या 2016 पासूनच्या खरेदी पोर्टलवर नोंदणी करतोय म्हटल्यावर ते नुसते हसले.

नोंदणी दोन संध्याकाळींत झाली. उत्पादक म्हणून उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद होती, त्यामुळे इसारा रक्कम, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत माफ. नाहीतर अंदाजित किमतीच्या 2 ते 5 टक्के अडकून पडतात, आणि आमचा पत्रा त्याच पैशांतून यायचा असतो.

खरी मारामारी स्पेसिफिकेशनची. एका कार्यालयाने कपाटाच्या हँडलची लांबी थेट मिलिमीटरमध्ये मागितली होती. धंद्यातल्या कोणालाही कळावं, हे माप कुठल्या कॅटलॉगातून उचललंय. मी मुदतीत पोर्टलवरच हरकत टाकली: पत्र्याची जाडी विचारा, हँडल कसलं मोजता? चार दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं, हँडलची अट गेली. पेटीच्या जमान्यात ही हरकत ऐकणार कोण होतं?

बिड उघडलं. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाली, एक मोठी कंपनी, आमचा दर 11 टक्क्यांनी वर. पण लघुउद्योगांसाठीच्या 2012 च्या खरेदी धोरणात सोय आहे: 15 टक्क्यांच्या आत असाल, तर एल-वनच्या दराला काम घेता येतं. रात्री वडिलांसोबत हिशेब मांडला. नफा जेमतेम उरत होता. घेतलं.

माल उतरवला आणि घोडं अडलं. माल ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने स्वीकृतीचं प्रमाणपत्र, आम्ही त्याला ‘क्रॅक’ म्हणतो, दिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्याला मुदत 10 दिवसांची. साहेब आधी ट्रेनिंगला, मग रजेवर, मग नंबर बदलला म्हणून ओटीपी येईना.

2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांसाठीच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकायला बसलो, तर वडील म्हणाले, “पुढचं टेंडर याच साहेबांकडे भरायचंय ना?”

मग कलमं नमूद करून एक सभ्य पत्र दिलं, आवक शिक्क्याची पोच घेतली. 83व्या दिवशी पैसे जमा झाले. व्याज नाही. मी मागितलंही नाही.