तानपुरा थांबला की राउटर बघा

घरातल्या घरात गाणं वाजवायला इंटरनेट लागत नाही, हे लोकांना पटवणं फार अवघड. गाणं अडकतंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "प्लॅन किती एमबीपीएसचा आहे?" आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात गाणी जिन्याखालच्या कपाटातल्या छोट्या कॉम्प्युटरवर आणि स्पीकर हॉलमध्ये. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला साधारण १४ लाख बिट मागतं. साध्यातलं साधं वायफायसुद्धा त्याच्या कितीतरी पट वाहून नेतं. मध्यंतरी रस्ता खोदताना फायबर तुटली. सगळी कॉलनी मोबाइलचा डेटा पुरवून वापरत होती आणि आमच्याकडे मालकंस राग निवांत चालला होता.

तरीही गाणं अडकायचंच.

हा सगळा खटाटोप नानांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांच्याकडे घरगुती बैठकींच्या कॅसेट आहेत. कुणाच्या तरी दिवाणखान्यात टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, मध्येच कपबशीचा आवाज, "क्या बात है", कुणाचा तरी खोकला. हे कुठल्याही ॲपवर मिळायचं नाही. म्हणून त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि माझ्यामागे ही वायफायची साडेसाती लागली.

सिनेमातलं गाणं अडकलं तर लहान पोरालाही कळतं. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं तसं नाही. बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभरसुद्धा चालतं. गवई षड्जावर येऊन थांबला, तर थांबलाय तो की वायफाय, हे मला उमगेना. मी मोबाइल घेऊन कपाटाकडे धावायचे, तोवर स्वारी पुढच्या आलापात. नाना खुर्चीतूनच म्हणायचे, "बस गं, श्वास घेतोय तो." आणि कधी मला काही कळायच्या आत, "तानपुरा गेला. बघ तुझं ते."

इतकं सोपं होतं ते. मैफलीत सगळे थांबतात. गवई थांबतो, तबलजी हातोडी घेऊन तबला लावत बसतो, पेटीवालाही हात काढतो. तानपुरा थांबत नाही. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. मालकंसात पंचम वर्ज्य म्हणून पहिली तार मध्यमावर, एवढाच काय तो फरक. मी इतकी वर्षं गाणं ऐकत आले, पण तानपुरा असा वेगळा काढून कधी ऐकला नव्हता. आता ऐकू लागले, आणि एकदा ऐकायला लागलं की मग आवरत नाही. जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, चांगली लागलेली असेल तर तारांवर न छेडलेले स्वरही तरंगत असतात. ते हॉलमध्ये नीट पोचले तर नेटवर्क ठणठणीत आहे असं खुशाल समजावं. स्पीड टेस्टच्या आकड्यापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

दुखणी दोन निघाली. पहिलं म्हणजे कधी कधी मोबाइलला कपाटातला कॉम्प्युटर दिसायचाच नाही. ही यंत्रं एकमेकांना शोधतात कशी, तर २३९.२५५.२५५.२५० या ठरावीक पत्त्यावर एक पुकारा करतात, "गाणी कुणाकडे आहेत?" ज्याच्याकडे असतील तो ओ देतो. वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसंच हे. पण आमच्याकडे राउटर दोन, खाली फायबरचा आणि वरच्या मजल्यासाठी घेतलेला दुसरा. दोघं यंत्रांना आपापले वेगळे पत्ते वाटत होते, म्हणजे एका घरात दोन वाडे. वरच्या राउटरला चिकटलेला मोबाइल कितीही ओरडला तरी हाक खाली जाणार कशी? वरच्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, पत्ते वाटण्याचं काम एकट्या खालच्याकडे ठेवलं आणि लपाछपी संपली.

दुसरं दुखणं हवेतलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आमचं वायफाय, शेजाऱ्यांची वायफायं, ब्लूटूथ आणि वर मायक्रोवेव्ह, अशी गर्दी. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण भिंतींपुढे ते लवकर हात टेकतं. शेवटी महात्मा गांधी रोडवरून लॅनची केबल आणली आणि केसिंग पट्टीतून कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंत नेली. पट्टी दिसते, भिंतीची शोभा गेली, हे घरात सगळ्यांनी मला सांगून झालंय. तानपुरा मात्र तेव्हापासून तुटलेला नाही. लाइट जाऊन आली तर तेवढा घोळ होतो. कॉम्प्युटर आधी उठतो, राउटर मागाहून, आणि पत्ता न मिळाल्यामुळे कॉम्प्युटर रुसून बसतो. मग त्याला परत चालू करायचं.

नानांचा दुसरा जीव की प्राण म्हणजे गायक द. वि. पलुस्कर. त्यांचा जन्म नाशिकचा, १९२१ सालचा. वडील विष्णु दिगंबरांचा रामनाम आधार आश्रमही इथे पंचवटीत. त्यामुळे नाना त्यांच्याविषयी घरचा मुलगा असल्यासारखं बोलतात आणि १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, हे अजूनही जरा रागानेच सांगतात. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्यांत माझी तानपुऱ्याची परीक्षा चालत नाही. तिथे खरखरच इतकी की तानपुरा शोधावा लागतो. मग खरखरीवर कान ठेवायचा. ती थांबली तर समजायचं, राउटर.

हे सगळं मार्गी लागल्यावर नानांनी वरच्या खोलीतही तेच गाणं त्याच वेळी हवं म्हणून सांगितलं. दुसरा स्पीकर जोडला. दोन्ही आपापल्या घड्याळाने चालतात, त्यामुळे वरचा किंचित मागे राहतो, सेकंदाचा एखादा बारीकसा तुकडा. जिन्यात उभं राहिलं की दोन्ही ऐकू येतात. नाना तिथेच उभे राहिले, थोडा वेळ मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "तानपुरे दोन चालतात गं. गवई दोन नाही चालत."

सध्या वरचा स्पीकर बंद आहे.