ऑरोरा बघायला गेलो आणि काळा गोंडा बघून आलो

ऑरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, बघायला स्टॉकहोमहून रात्रीच्या ट्रेनने सतरा-अठरा तास, डब्यात मेथीची धपाटी, असं करत ऑक्टोबरच्या मध्यावर एकदाचे उत्तर स्वीडनमधल्या अबिस्कोला पोचलो. इथलं आकाश सगळ्यात मोकळं म्हणे! तीन रात्री नुसते ढग. बायको म्हणाली, यापेक्षा पावसाळ्यात माळशेजला गेलो असतो.

चौथ्या दिवशी सकाळी केबिनमागे लाकडं आणायला गेलो तर ढिगाच्या फटीतून एक तोंड बाहेर आलं, आत गेलं आणि दोन फूट पलीकडच्या फटीतून परत आलं. मग अख्खं बाहेर येऊन मागच्या पायांवर उभं राहिलं आणि माझ्याकडेच बघत बसलं. स्टोट, स्वीडिशमध्ये हेर्मेलिन. आपल्या मुंगसाची आठवण येते पण कुळ वेगळं, हे ऊदमांजराचे, म्हणजे पाणमांजराचे भाऊबंद. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं ते इथल्याच प्राण्याला, त्यामुळे स्कँडिनेव्हियातली ही मूळ उपजाती, मुस्टेला एर्मिनिया एर्मिनिया.

अंगावर अर्धाच रंग बदललेला. पोट पांढरं, पांढरा कुशीपर्यंत चढलेला, पाठ अजून तपकिरी, जसं कोणी चुन्यात बुडवून मध्येच वर काढलंय. हिवाळ्यात पांढरा असा खालून वर चढतो आणि वसंतात तपकिरी वरून खाली उतरतो. आणि हे ठरतं दिवस किती लहान झाला त्यावर, बर्फ पडला की नाही त्याच्याशी घेणंदेणं नाही. आमच्या वेळी बर्फ नव्हताच, त्यामुळे पिवळ्या पडलेल्या बर्चच्या पानांवर बिचारं लांबूनच चमकत होतं.

शेपटाचं टोक मात्र बारा महिने काळं. रॉजर पॉवेल या प्राणीशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये पाळीव ससाण्यांसमोर वीझलच्या, म्हणजे स्टोटच्याच भाऊबंदांच्या, खोट्या बाहुल्या पळवून बघितल्या तर शेपटाला काळं टोक असलं की पक्ष्यांचा नेम जास्त वेळा चुकतो आणि अंग वाचतं. युरोपातल्या राजांच्या झग्यावर ते काळे ठिपके असतात ना, ती हीच शेपटं, माणसापुढे काही ही युक्ती चालली नाही.

अजून एक वाचलं ते डोक्यातून जात नाही. मादी उन्हाळ्यात गाभण राहते पण गर्भ आठ-नऊ महिने तसाच थांबतो, पिल्लं पुढच्या वसंतात. आणि कित्येकदा बिळातल्या, डोळेही न उघडलेल्या मादी पिल्लांशीसुद्धा नर जुगतो.

बायकोला हाक मारली तोवर ते ढिगात शिरलं होतं. फोटोत फक्त लाकडं आलीत.